रंभाचं वजन

हौसाबाईंच्या पिशवीत मी हात घातला तेव्हा त्या आतल्या खोलीत पलंगाशी बसून अण्णांचे पाय धूत होत्या. घरी निघण्याआधी रोज संध्याकाळी त्या कोमट पाण्यानं अण्णांचे पाय धुवायच्या, पुसायच्या आणि धुताना सतत काहीबाही बोलत राहायच्या. अण्णांकडून उत्तर येणार नव्हतंच. चार वर्षांपूर्वीच्या झटक्यानं माझ्या वडलांची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. 'हं' आणि 'बा' असे दोनच आवाज त्यांच्याकडे उरले होते. तरी हौसाबाई त्यांना भाजीचे भाव सांगायच्या, कुणाच्या म्हशीला रेडकू झालं ते सांगायच्या आणि अण्णा 'हं' करायचे.

पिशवी दाराआडच्या खिळ्याला होती. आत घडी घातलेला टॉवेल, मिश्रीची डबी, चष्मा आणि तळाशी एक स्टीलचा डबा. झाकण काढलं. आत रंभाचं खाणं. दुकानातून मी आणायचे ते कोरडे, तपकिरी दाणे. दोन मुठी तरी होते.

मला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. मी तेच शोधत होते आणि तेच सापडलं होतं.

रंभा म्हणजे आमची मांजर. आईनं पाळलेली, तीन रंगांची, तेव्हा तेरा वर्षांची. आई गेल्यावर ती अण्णांच्या पायाशी झोपायला लागली आणि अण्णा अंथरुणाला खिळल्यावर तर तिथून हलेनाच. त्या वर्षी दिवाळीनंतर ती रोड व्हायला लागली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. एके दिवशी पाठीवरून हात फिरवला तर मणके एकेक करून बोटाला लागले. तेव्हापासून मी दर रविवारी तिचं वजन करायला लागले. आधी काट्यावर एकटी उभी राहायचे, मग तिला घेऊन. सव्वाचार किलोची मांजर माघात साडेतीनवर आली, होळीला तीन किलो शंभर.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. पुरावा गोळा करायचा, एकेक शक्यता बाद करत जायची आणि उरेल ते उत्तर, ही माझी सवय. गावभागातल्या डॉक्टर सलगरांकडे तिला नेलं. सलगर मूळचे धनगर घरातले, त्यांचा दवाखाना मुख्यतः शेळ्यामेंढ्यांचा आणि गाईम्हशींचा, पण कुत्र्यामांजरांनाही ते मनापासून बघायचे. त्यांनी जंताचं औषध दिलं, रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठीक, थायरॉईड ठीक, साखर ठीक. ते म्हणाले, एकदा पोटाची सोनोग्राफी करून घेऊ. मी म्हणाले, बघू. कारण माझं उत्तर मला मिळालं होतं. रविवारी मी घरी असायचे आणि रविवारी रंभा वाटी चाटूनपुसून लख्ख करायची, पुन्हा मागायची. आजारी जनावर असं खातं का? असं खातं ते उपाशी जनावर. आणि आठवड्याचे सहा दिवस तिला खायला घालायचं काम हौसाबाईंचं होतं.

त्यांनी एकदा मला सांगितलंही होतं. मी कॉलेजला निघाले होते, चपला घालत होते. त्या रंभाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, तिच्या पोटाखाली हात होता. म्हणाल्या, "ताई, जरा हिच्या पोटाला हात लावून बघा. आतडी दोरागत लागत्यात हाताला." मी म्हणाले, डॉक्टरांनी तपासलंय.

आणि आता हा डबा.

समोर कुसनाळे वहिनींच्या अंगणात त्या दिवशी कॉलनीतल्या बायका पापड लाटायला बसल्या होत्या. उन्हाळ्याच्या आधी आमच्या महिला मंडळाचा हा कार्यक्रम ठरलेला असायचा. दहाबारा जणी असतील. मी डबा हातात घेऊन व्हरांड्यात आले. हौसाबाई साडीला हात पुसत माझ्यामागून आल्या. घरात, दार लावून विचारता आलं असतं. पण मी व्हरांड्यातच थांबले, आणि तोपर्यंत मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचे, ते तिथं 'तू' झालं.

"हे काय आहे?"

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"रंभीचं खानं."

"ते तुझ्या पिशवीत कसं आलं?"

समोरच्या अंगणातली लाटणी थांबली होती. मी आवाज चढवला. मुक्या जनावराच्या तोंडचं काढून नेतेस, मग बोलता न येणाऱ्या माणसाच्या तोंडचं काय काय नेलं असशील, असं मी म्हणाले. हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण बोलता बोलता तेही मला खरं वाटायला लागलं.

"घरी नेतो मी," हौसाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "पन खाल्लं न्हाई त्यातलं काय. कुनाला इकलं बी न्हाई."

"मग काय करतेस त्याचं?"

त्यांनी मागे वळून अण्णांच्या खोलीकडे बघितलं. काहीतरी सांगावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग त्यांनी मान हलवली, आत जाऊन पिशवी आणली आणि पायऱ्या उतरल्या. आतून अण्णांचा आवाज येत होता. "बा... बा..." मला वाटलं त्यांना बाथरूमला जायचंय. मी भांडं घेऊन गेले तर त्यांनी डाव्या हातानं ते ढकलून दिलं. भांडं घरंगळत पलंगाखाली गेलं.

कुसनाळे वहिनींकडे हौसाबाई सकाळचा तासभर भांड्यांना जायच्या. वहिनींनी त्याच संध्याकाळी त्यांना येऊ नको म्हणून कळवलं. कॉलनीत आणखी दोन घरी त्या म्हातारी माणसं बघायला जाणार होत्या, तीही कामं फिरली. मी कुणाला काही सांगायला गेले नाही. सांगायची गरजच नव्हती. बारा जणींनी ऐकलं होतं.

अण्णांसाठी एका एजन्सीकडून दुसरी बाई आली. मी कॉलेजातून महिन्याभराची रजा काढली आणि रंभाचं खाणं स्वतःच्या ताब्यात घेतलं. दिवसातून चार वेळा, माझ्या हातानं. ती सगळं खायची. महिना संपला तेव्हा ती पावणेतीन किलो होती.

काटा बिघडला असेल म्हणून मी नवीन काटा आणला. नव्या काट्यावर ती दोन किलो सातशे भरली.

त्यानंतर ती ओकायला लागली. मी तिला टोपलीत घालून सलगरांकडे नेलं. त्यांनी डोळे मिटून तिचं पोट बराच वेळ चाचपलं. मग म्हणाले, "मॅडम, आतडी जाड लागतायत. आता सोनोग्राफी करायलाच हवी."

केली. आतड्याची भिंत जाड झाली होती आणि शेजारच्या गाठी सुजल्या होत्या. सलगरांनी मला पडद्यावर दाखवलं, पण मला काही कळलं नाही, नुसत्या करड्या रेघा. ते म्हणाले, दोन शक्यता आहेत. एक म्हणजे आतड्याला आलेली जुनाट सूज आणि दुसरी कॅन्सर. चित्रात दोन्ही सारखीच दिसतात. नुसत्या सुईनं रस काढून भागणार नाही, पोट उघडून आतड्याचे तुकडेच काढून पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवावे लागतील. या वयात भूल धोक्याची, पण न कळता औषध देणं त्याहून वाईट. मी हो म्हणाले. कोल्हापूरहून त्यांचे एक मित्र येऊन ऑपरेशन करून गेले. रंभा वाचली. पोटावर टाके घेऊन ती पुन्हा अण्णांच्या पायाशी जाऊन झोपली. रिपोर्टला बारा दिवस लागणार होते.

त्या बारा दिवसांत मी मनात काय मागत होते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सूज निघावी असं मी मागत नव्हते, कॅन्सर नसावा असंही नाही. तुकड्यांत काहीच सापडू नये, असं मी मागत होते. आतडी स्वच्छ निघावीत. म्हणजे मग माझं मूळचं उत्तर खरं ठरलं असतं.

तेराव्या दिवशी सलगरांनी बोलावलं.

"लिम्फोमा आहे," ते म्हणाले. "आतड्यांचा कॅन्सर. त्यातल्या त्यात बरं म्हणजे हळू वाढणारा आहे. दोन प्रकारच्या गोळ्या देऊ. काही मांजरं दीड-दोन वर्षंही काढतात."

मी विचारलं, कधीपासून असेल. ते म्हणाले, वर्ष तरी झालं असावं, कदाचित जास्तच.

"पण ती खात होती. हावऱ्यासारखी खात होती."

"तेच तर लक्षण. खाल्लेलं अंगी लागत नाही, आतडी शोषूनच घेत नाहीत. पोट भरतं पण शरीर उपाशी राहतं, म्हणून मागत राहतात."

मी तो कागद हातात धरून बसले होते. सलगर आपल्याच नादात पुढे बोलत होते. "खरं सांगू, ही इतके दिवस टिकली ती खाण्यावर. तुमच्या बाई कुठं दिसत नाहीत हल्ली? जंताचा दुसरा डोस न्यायला आल्या होत्या तेव्हा मला विचारत होत्या, पोरगी वाळत चाललीय, काय घालू. मी म्हटलं, कोरडे दाणे कोंबडीच्या पाण्यात भिजवून मऊ करून द्या, त्यानं ताकद येईल. म्हणाल्या, घर जैनांचं हाय, तिथं कोंबडी कशी शिजवू. मग मीच म्हटलं, दाणे घरी न्या आणि सकाळी भिजवून आणा. बरेच महिने आणत होत्या. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. अण्णांना माहीत होतं. त्यांच्याच पलंगाशी बसून हौसाबाई रंभाला ते भरवत असणार. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. त्या घरात हौसाबाई रोज सकाळी कोंबडीचं पाणी आणत होत्या, अण्णा बघत होते आणि दोघांनी मिळून ते माझ्यापासून लपवलं होतं. व्हरांड्यात त्यांनी मागे वळून बघितलं ते यासाठी. चोरीचा आळ स्वतःवर घेतला, पण अण्णांच्या घरात मांस आणल्याचं त्यांनी बारा जणींसमोर तोंडातून काढलं नाही.

हौसाबाईंच्या घरी गेले तर शेजारणीनं सांगितलं, त्या कुपवाडला बेदाण्याच्या शेडवर जातात. द्राक्षं वाळवून बेदाणा झाला की त्यातल्या काड्या आणि काळे दाणे निवडायला बायका लागतात, ते काम. पत्र्याची लांबलचक शेड होती. पन्नासेक बायका तोंडाला फडकी बांधून ताडपत्रीवर बसल्या होत्या आणि गंधकाच्या वासानं माझे डोळे चुरचुरत होते. हौसाबाईंनी मला ओळखलं, पण हात थांबवला नाही. बाजूच्या बायका बघायला लागल्या तेव्हा त्या उठल्या आणि मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन आल्या.

"रंभी जित्ती हाय?" त्यांनी आधी हे विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऑपरेशन, रिपोर्ट, डॉक्टर काय म्हणाले ते. त्यांच्या बोटांना बेदाण्याचा चिकटा लागला होता, तो त्या एकेका बोटावरून पुसत होत्या. मी म्हणाले, माझं चुकलं. तुम्ही परत या. अण्णा नव्या बाईच्या हातचं नीट खात नाहीत.

"अण्णांस्नी पातळ लागतंय," त्या म्हणाल्या. "भाकरी कुस्करून ताकात घाला. घास उजव्या अंगानं देऊ नगा, डावीकडनं द्या."

"तुम्ही या ना."

त्यांनी शेवटचं बोट पुसलं. मग म्हणाल्या, "ताई, मला चोर म्हनलासा ते धा-बारा जनींच्या म्होरं म्हनलासा. आन् चुकलं म्हनायला हितं आलासा, शेडात. हितं मला कोन चोर म्हनत न्हाई. जितं म्हनलासा तितंच जाऊन सांगा. मग मी यीन. न्हाई आलो तरी दुसरी घरं मिळतील मला."

मी म्हणाले, सांगते. रविवारीच सांगते.

"काय सांगनार?" त्यांनी विचारलं.

"खरं ते."

त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा ताडपत्रीवर जाऊन बसल्या.

रविवारी मंदिरातून आल्यावर मंडळाच्या बायका कुसनाळे वहिनींकडे जमल्या. मी गेले. वाटेत मी वाक्यं जुळवली होती. हौसाबाई दाणे चोरत नव्हत्या, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरी नेत होत्या. आणि मग कुणीतरी विचारणारच, घरी कशाला? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं की अख्ख्या कॉलनीला कळलं असतं की आम्हा मगदूमांच्या घरात, अण्णांच्या पलंगापाशी, महिनोन्महिने कोंबडीचं पाणी येत होतं. अण्णांनी हयातभर रात्रीचं अन्न तोंडात घातलं नव्हतं. कॉलनीतलं मंदिर उभारताना भिंतींवरची चित्रं त्यांनी फुकट काढून दिली होती.

असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. पण अण्णांनी ते पाणी रोज बघितलं होतं आणि त्यांना काही झालं नव्हतं. लाज वाटणार होती ती मला.

चहा आला. वहिनींनीच विषय काढला, मांजर कशी आहे तुझी. मी म्हणाले, आजार निघाला. आतड्यांचा कॅन्सर. सगळ्याजणी हळहळल्या. एकीनं विचारलं, मांजरालासुद्धा कॅन्सर होतो का. दुसरीनं तिच्या जावेच्या बहिणीचं सांगायला सुरुवात केली, तिलाही असंच खाल्लेलं अंगी लागत नव्हतं म्हणे. मी संधी बघत होते. वर्षभरापासून असणार म्हणाले डॉक्टर, असं मी मध्येच म्हणाले. एवढं मी म्हणाले, हे खरं आहे.

कुसनाळे वहिनींनी माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

"बघा म्हणजे," त्या म्हणाल्या. "एवढ्या आजारी जिवाच्या तोंडचं काढून नेत होती ती बाई. बरं झालं पद्मजा, वेळेवर हाकललंस तिला."

बारा जणी माझ्याकडे बघत होत्या. बोलायला मला सबंध खोली मोकळी होती, कुणी मला थांबवत नव्हतं.

"हं," मी म्हणाले.

आणि चहा प्यायले.

पुढच्या आठवड्यात हौसाबाई आल्या नाहीत. मी बोलले नाही हे त्यांना कळलं होतं, की त्यांनी वाट पाहून सोडून दिलं, मला ठाऊक नाही. मीही पुन्हा शेडकडे गेले नाही. गोळ्यांनी रंभाचं वजन चारशे ग्रॅमनं वाढलं. दहा महिने तिनं बरे काढले, मग आठवडाभर काही खाल्लं नाही आणि एका दुपारी सलगरांच्या टेबलावर गेली. मी परत आले तेव्हा हातात रिकामी टोपली होती. अण्णांनी टोपलीकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. घास मात्र मी त्यांना डावीकडून देत होते, भाकरी ताकात कुस्करून. ते खायचे. माझ्याकडे न बघता खायचे. असे ते आणखी दोन वर्षं जगले.

या सगळ्याला अकरा वर्षं झाली. अण्णा गेल्यानंतर दोन वर्षांनी मी मिरजेच्या एका दवाखान्यात आमच्या निवृत्त प्राचार्यांना भेटायला गेले होते. तपासण्यांच्या खोलीबाहेर एक बाई एका म्हातारीची चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. वाकून तिला काहीतरी सांगत होती. म्हातारी हसत होती. आवाजावरून मी ओळखलं. हौसाबाईंचे केस पार पांढरे झाले होते.

त्यांनीही मला बघितलं. टाळता आलं असतं, पण त्याच एक पाऊल पुढे आल्या.

"अण्णा कसं हायत?"

"गेले," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली."

त्यांचा हात खुर्चीच्या मुठीवर घट्ट आवळला. मी कॉलनीत सांगितलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतर आमच्या कॉलनीत त्यांना एकही घर मिळालं नव्हतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतंच. पण चार वर्षं त्यांनी अण्णांचे पाय धुतले होते.

"मला कळवलं न्हाईसा," त्या म्हणाल्या.

"तुमचा नंबर नव्हता माझ्याकडे."

हे माझ्या तोंडून किती सहज गेलं. नंबर माझ्या फोनमध्ये होता. अण्णा गेले त्या सकाळी नातेवाइकांना फोन करताना मी त्यांच्या नावापाशी थांबलेही होते.

हौसाबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही.

"नंबर त्योच हाय," त्या म्हणाल्या. आतून म्हातारीच्या नावाची हाक आली, तेव्हा त्यांनी खुर्ची वळवली आणि तिला सांभाळून उंबऱ्यावरून आत नेलं.